चर्चबाहेरचा बाक

"दहाच मिनिटं बोला," आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले. "पण दोघंही बोला."

ते आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसले होते. चहा कधीच संपला होता, तरी कप दोन्ही हातांत धरून होते. माझा नवरा समोर, कामावरून आला तसाच, नखांत ग्रीस. तो लिफ्टचा मेकॅनिक आहे. मी खिडकीपाशी उभी. टेबलाच्या एका बाजूला खुर्ची नाही. आठ महिन्यांपूर्वीपर्यंत तिथे आमच्या लेकीची, बबडीची, चाकाची खुर्ची लागायची. ती जागा आम्ही अजून तशीच ठेवली आहे.

"रविवारी लग्न ठरलेली सहा जोडपी ऐकायला येणार आहेत," पाळकसाहेब सांगत होते. "त्यातली एक मुलगी तर जेमतेम अठराची. तिची आई रोज येते आणि माझ्यासमोर रडते. म्हणते, तुम्ही समजवा. मी काय समजवणार? माझं स्वतःचं लग्न बत्तिसाव्या वर्षी झालं. तुमचं..."

"अठरा आणि एकवीस," नवरा म्हणाला.

"तेच म्हणतो मी. आणि त्यानंतर देवाने तुमच्या ओटीत जे टाकलं, ते तुम्ही एकोणीस वर्षं ज्या प्रेमाने सांभाळलंत! आपल्या चर्चच्या मंडळीत अशी दुसरी साक्ष नाही."

आमच्यात साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं, ते चारचौघांसमोर उभं राहून सांगणं. कोणाची दारू सुटते, कोणाचं दुखणं बरं होतं. ऐकणारे मान डोलावतात.

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. "विचारतो हिला."

"त्यात विचारायचं काय?" मी म्हणाले. "बोलू की."

पाळकसाहेबांना पायरीपर्यंत सोडून नवरा परत आला, तेव्हा त्याचा चेहरा किती तरी दिवसांनी उजळला होता. लगेच कागद-पेन घेऊन बसला. "तू काय सांगशील?" त्याने विचारलं. मी म्हणाले, "तू लिही. मी त्यातच काहीतरी घालेन."

आम्ही दोघं चर्चच्या गायनवृंदात भेटलो. तो मागच्या रांगेत, खालच्या पट्टीत गायचा. मी पुढच्या रांगेत. माझा आवाज इतका बेताचा, की ऑर्गन वाजवणाऱ्या बाई म्हणायच्या, "तू नुसते ओठ हलव, तेवढं पुरे." त्याचा आवाज मात्र असा, की तो लागला की माझ्या पाठीला ऊब लागल्यासारखं व्हायचं. त्या आवाजाशीच मी लग्न केलं, असं म्हटलं तरी चालेल. आई म्हणाली होती, "दोन वर्षं थांब ना. तो काय पळून चाललाय?" मी म्हणाले, "मग मी तरी कुठे पळून चाललेय?"

बबडी झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. दोन दिवस कळा दिल्या. जन्मल्यावर ती रडली नाही. नर्स तिला घेऊन धावत बाहेर गेली आणि दार तिच्यामागे बराच वेळ हलत राहिलं, एवढंच मला आठवतं. सहाव्या महिन्यात मान धरेना, वर्षाची झाली तरी बसेना. मेंदूला वेळेवर प्राणवायू मिळाला नाही, डॉक्टर म्हणाले. हातपाय, बोलणं, गिळणं, सगळ्यावर परिणाम राहणार होता. "आणि समज?" नवऱ्याने विचारलं. "ते आत्ता सांगता येत नाही," ते म्हणाले. पुढे कोणालाच ते सांगता आलं नाही. मग सगळ्यांनी धरून चालायला सुरुवात केली, की तिला काही कळत नाही.

मंडळीतल्या बायका भेटायला आल्या. एक म्हणाली, "देवाने निवडलंय गं तुम्हाला." मी मनात म्हणाले, निवडताना एकदा विचारायचं तरी. नवऱ्याची आत्या स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "एवढ्या लवकर लग्न करायची घाई नडली. अंग तयार नव्हतं तुझं." एकीने देवावर ढकललं, दुसरीने माझ्यावर, आणि दोघीही चहा पिऊन गेल्या.

नंतर रोजचं सुरू झालं. एक वाटी भरवायला दीड तास. घास आत गेला तरी गिळला जाईल याचा भरवसा नाही. दिवसाला बारा-पंधरा लाळेरी. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर कातडी लाल व्हायची. नवरा सकाळी सहाला जायचा. कोणाची ना कोणाची लिफ्ट कुठल्या ना कुठल्या मजल्यावर अडकलेली असायची. परत आला की हात धुऊन बबडीला घ्यायचा आणि तिच्या डोक्यावर हनुवटी टेकवून गुणगुणायचा. तिचे ताठ हात त्या वेळी सैल पडायचे. तेवढाच वेळ मी भिंतीला टेकून बसायचे. वय वर्षं तेवीस, आणि उठताना गुडघ्यावर हात टेकायचे.

ती चार वर्षांची असताना एका बुधवारी मी तिला सोडून गेले.

त्या दिवशी वेगळं काही झालं नव्हतं. सकाळी भरवलं, ते सगळं उलटून आलं. चादर बदलली, तिचे कपडे बदलले, माझे बदलले. पुन्हा भरवलं, पुन्हा उलटून आलं. तिसऱ्यांदा चादर बदलताना मी रडत नव्हते, चिडलेही नव्हते. हात आपोआप चालले होते. मी तिला चांगला फ्रॉक घातला, केस विंचरले, आणि स्वतःला म्हणाले, चल, चर्चमध्ये जाऊन प्रार्थना करू.

दुपारी चर्च उघडं असतं, पण आत कोणी नसतं. पुढून तिसऱ्या बाकावर मी तिला बसवलं. मानेखाली उशी ठेवली. घसरू नये म्हणून शालीने बाकाच्या पाठीला बांधलं. गाठ दोनदा तपासली. बबडी माझ्याकडे बघत होती. अंग सगळं वाकडंतिकडं, पण तिची नजर फार सरळ होती.

"आलेच हं," मी तिला म्हणाले.

बाहेर पडले आणि समोर आलेल्या बसमध्ये चढले. खिडकीपाशी जागा मिळाली. मांडीवर कोणी नव्हतं. हात कुठे ठेवायचे ते मला कळेना. आधी पर्सवर ठेवले, मग समोरच्या दांड्यावर. कंडक्टर आला. "कुठे?"

"शेवटपर्यंत," मी म्हणाले.

"शेवटी डेपो आहे बाई. तिथे उतरून काय करणार?"

साधा प्रश्न होता. त्याला बिचाऱ्याला काय माहीत. मी उत्तर शोधत राहिले आणि ते सापडेना. कुठे जाऊन काय करणार, हे मी ठरवलंच नव्हतं. फक्त जायचं एवढंच ठरवलं होतं. पुलाच्या पलीकडे, तिसऱ्या थांब्यावर मी उतरले. पोरीच्या मायेने उतरले असं सांगायला मला आवडलं असतं. तसं नव्हतं. कंडक्टर पुन्हा विचारायला येईल, या भीतीने उतरले. त्या थांब्यावर किती वेळ उभी होते कोण जाणे. मग चालत परत आले.

बाकावर बबडीशेजारी झाडूवाल्या मावशी बसल्या होत्या. चर्च झाडायचं काम त्यांच्याकडे होतं. त्यांनी शाल सोडली होती आणि तिला कुशीत धरलं होतं. बबडीचा आवाज बसला होता. तोंड उघडं, पण आतून नुसती हवा येत होती. फ्रॉकचा गळा छातीपर्यंत भिजलेला.

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाथरूमला गेली होतीस ना?"

"हो," मी म्हणाले.

"लागतो कधी कधी वेळ." त्यांनी बबडीला माझ्याकडे दिलं, झाडू उचलला आणि मागच्या रांगा झाडायला गेल्या. सहा वर्षांनी त्या वारल्या. तोवर त्या विषयावर त्या एक शब्द बोलल्या नाहीत.

मग रविवार आला. नवरा गायनवृंदात लवकर गेला होता. मी बबडीला कडेवर घेऊन उशिरा पोचले. दारातून आत पाऊल टाकलं, आणि त्याच क्षणी ऑर्गन सुरू झाला, गाणं उठलं, आणि बबडी किंचाळली. असा आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. अंगाची कमान झाली. मला ती धरवेना. सगळं चर्च मागे वळून बघायला लागलं. मी तिला घेऊन बाहेर पळाले. पायरीपाशी येताच ती गप्प झाली आणि थरथरत राहिली.

"ऑर्गनला घाबरली पोर," कोणीतरी म्हणालं.

पुढच्या रविवारी तेच झालं. त्याच्या पुढच्याही. "कान नाजूक असतात अशा मुलांचे," ऑर्गनवाल्या बाई म्हणाल्या, आणि बिचाऱ्यांनी हळू वाजवून बघितलं. एकदा तर ऑर्गन सुरू व्हायच्या आधीच ती किंचाळली, पण ते कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं.

तेव्हापासून आम्ही बाहेर बसायला लागलो. चर्चच्या दाराशेजारी पोर्चमध्ये एक लांब बाक आहे, चपला-छत्र्या ठेवायचा. त्यावर आम्ही तिघं. नवऱ्याने तिच्या खुर्चीसाठी पायऱ्यांवर लोखंडी उतार करून घेतला आणि गायनवृंद सोडला. "तू एकटी बाहेर, मी आत गातोय, बरं दिसतं का?" म्हणाला. पाळकांचं प्रवचन वारा असेल त्याप्रमाणे अर्धंमुर्धं ऐकू यायचं. पंधरा वर्षं आम्ही देवाचं अर्धंमुर्धंच ऐकलं. आतून बाहेर पडणारे लोक बबडीच्या गालाला हात लावून जायचे आणि आमच्याकडे अशा नजरेने बघायचे, की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटायचं.

नवरा घरातही गायचा थांबला. कामाने थकत असेल, असं मी धरून चालले.

मी प्रार्थना करायचे. क्षमा मागत नव्हते. तेवढं तोंड नव्हतं मला. एवढंच मागायचे, की देवा, तो एक तास तिच्या डोक्यातून पुसून टाक.

बबडी सात वर्षांची झाली तेव्हा तिला अशा मुलांच्या दिवसाच्या केंद्रात घ्यायचं ठरलं, आणि मला हॉस्पिटलच्या लाँड्रीत नोकरी मिळाली. प्रवेशाच्या वेळी तिथल्या डॉक्टरबाईंनी बराच वेळ तिला तपासलं. मग पेन खाली ठेवून मला विचारलं, "हिला एखादी जागा ओळखू येते, जुनं काही आठवतं, असं तुम्हाला कधी जाणवलं? अगदी छोटं असलं तरी सांगा. त्यावर पुष्कळ अवलंबून आहे."

साऱ्या जगात तो पुरावा एकट्या माझ्याकडे होता. पण तो दिला असता तर त्यांनी विचारलं असतं, काय आठवतं? कशामुळे?

"नाही," मी म्हणाले. "तसं काही नाही."

त्यांनी कागदावर खूण केली. बबडीला झोपून असणाऱ्या मुलांच्या खोलीत ठेवलं. चांगली खोली होती, स्वच्छ, रेडिओ चालू असायचा. भिंतीपलीकडच्या खोलीत मुलं डोळ्यांनी चित्रांकडे बघून हवं ते मागायला शिकायची. पाणी, भूक, आई. मी तिला घ्यायला जायचे तेव्हा त्या खोलीवरून जावं लागायचं. बारा वर्षं मी त्या दारावरून मान खाली घालून गेले. हॉस्पिटलच्या विरलेल्या चादरी कापून मी तिच्यासाठी लाळेरी शिवायचे. अठरा वर्षांच्या मुलीच्या मापाची लाळेरी दुकानात मिळत नाहीत. त्या लाळेऱ्यांना मी पाच-पाच वेळा इस्त्री करायचे. बायका म्हणायच्या, काय हौस आहे हिला.

गेल्या वर्षी छातीत कफ झाला आणि नऊ दिवसांत ती गेली.

शवपेटी चर्चच्या दाराशी आणली. उंबरठा आला. मी दोन्ही मुठी आवळल्या आणि वाट बघितली. ऑर्गन सुरू झाला. काही झालं नाही. पंधरा वर्षांनी ती पहिल्यांदा आत आली आणि गप्प राहिली. कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "किती शांत दिसतेय."

त्यानंतरच्या रविवारी नवरा म्हणाला, "आता आत बसू या." बसलो. ऑर्गनचा पहिला सूर लागला आणि मागून, पोर्चच्या बाजूने, ती किंचाळली. मी गर्रकन मान वळवली. उघड्या दारातून बाक दिसत होता. त्यावर एक छत्री होती. दर रविवारी हे असं होतं. आता मी मान वळवत नाही, पण ऐकू येतं. कधी कधी लाँड्रीतही येतं, मोठं रोलर यंत्र सुरू होताना, वाफेच्या शिटीत मिसळलेलं. सुरुवातीला मी भ्यायचे. नंतर मला दुसरीच भीती वाटायला लागली, की एक दिवस हेही ऐकू यायचं थांबेल.

पाळकसाहेबांनी सांगितलेल्या रविवारी उपासनेनंतर मागच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. सहा जोडपी, शिवाय काहींचे आईवडील. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याने लिहिलेलं वाचून दाखवलं. चांगलं लिहिलं होतं. लग्नाच्या दिवशी त्याच्या कोटाची बाही कशी आखूड होती, ते ऐकून सगळे हसले. मग बबडीचा जन्म, खुर्चीला लावलेला डोक्याचा आधार, तो त्याने लिफ्टच्या जुन्या भागांतून कसा बनवला ते. "आणि माझ्या बायकोने," त्याने वाचलं, "एकोणीस वर्षांत तिला एका क्षणासाठीही एकटं सोडलं नाही."



"कोणाला काही विचारायचंय?" पाळकसाहेबांनी म्हटलं.

ती अठरा वर्षांची मुलगी पहिल्या रांगेत होती. बुटांच्या दुकानात काम करते. नखं कुरतडलेली. तिच्या शेजारी तिचा होणारा नवरा, मानेवर अजून मुरुमं असलेला. ती उभी राहिली.

"काकू, राग नका मानू. तुम्हाला कधी सगळं सोडून जावंसं वाटलं का?"

मागे बसलेली तिची आई "अगं!" म्हणाली. माझ्या नवऱ्याने हसून कागदाची घडी घातली. "वाटलं तरी देवाने बळ दिलं बघ. आम्ही कधी..."

"मी गेले होते," मी म्हणाले.

त्याला वाटलं, मी चुकून काहीतरी बोलले. तो तसाच हसत माझ्याकडे बघत राहिला. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या मुलीकडे बघून सगळं सांगितलं. चांगला फ्रॉक, तिसरा बाक, शालीची गाठ, बस. मावशींनी मला दिलेलं खोटं. पुढच्या रविवारची किंकाळी. केंद्रातल्या डॉक्टरबाईंना मी दिलेलं उत्तर. "ती ऑर्गनला घाबरत नव्हती," मी म्हणाले. "मी पुन्हा तिथे सोडून जाईन, याला घाबरत होती. सगळे म्हणायचे तिला कळत नाही. तिला कळत होतं. मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नाही."

ती मुलगी अजून उभीच होती, म्हणून मला आणखी बोलावं लागलं.

"लहान वयात लग्न करावं की नाही, मला नाही सांगता येणार. मी लहान होते हे खरं आहे. शपथ घेताना सुखात आणि दुःखात म्हटलं, तेव्हा मला वाटलं, दुःख म्हणजे काहीतरी बाहेरून येणार आणि आम्ही दोघं हात धरून त्याच्यासमोर उभे राहणार. ते माझ्या आतूनच निघेल, असं नव्हतं वाटलं. ते चाळिशीत तरी कळलं असतं का, काय माहीत. देवाने बळ दिलं असेल. पण त्या दुपारी मी त्याच्याच घरात तिला ठेवून गेले, आणि तो काही बोलला नाही. कंडक्टर बोलला. झाडूवाल्या मावशी बोलल्या. देवाने त्यांना पाठवलं असेल, तर असेल. मला एवढंच दिसलं."

मी खाली बसले. पाळकसाहेब प्रार्थना करायला उठले आणि नुसतेच उभे राहिले. शेवटी "आमेन" म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

घरी जाताना नवरा पुढे चालला होता. मी दहा पावलं मागे. औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर तो थांबला. मला वाटलं, आता बोलेल ते ऐकून घ्यायचं. जे असेल ते.

"म्हणजे तिला कळत होतं," तो म्हणाला.

"हो."

"सगळं?"

"माहीत नाही. पण आठवत होतं."

तो दुकानाच्या बंद शटरकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मला वाटायचं, ती माझ्या आवाजाला घाबरते."

मला आधी समजलंच नाही.

"त्या रविवारी माझीच ओळ होती. पहिला शब्द मी उचलला आणि ती किंचाळली. लोक म्हणाले ऑर्गन. मी म्हटलं, ऑर्गन तर तिने जन्मापासून ऐकलाय. माझाच आवाज लागतोय तिला." त्याने हाताने तोंड पुसलं. "म्हणून घरात पण बंद केलं. लिफ्टच्या शाफ्टमध्ये गायचो, एकटा असलो की. तिथे घुमतो चांगला." त्याने शटरला हात टेकला. "पंधरा वर्षं गं. एकदा सांगितलं असतंस. मी शिव्या घातल्या असत्या तुला. पण मी तिला गाऊन तरी दाखवलं असतं."

क्षमा कर म्हणाले असते, तर ते शब्द त्या रस्त्यावर पडून राहिले असते. आम्ही घरी गेलो.

चार दिवस तो माझ्याशी बोलला नाही. रागाने भांडी आपटली, असंही नाही. जेवायचा, कामावर जायचा, आल्यावर बबडीच्या खोलीत जाऊन बसायचा. दार लोटलेलं. आतून काही आवाज यायचा नाही. ते साक्षीचे कागद टेबलावरच पडून होते. ते उचलायची मला हिंमत झाली नाही, आणि त्यालाही झाली नसावी.

बुधवारी लाँड्रीच्या मागच्या दारावर ती अठरा वर्षांची मुलगी आली. जेवणाची सुट्टी काढून आली होती.

"आई म्हणते, तुम्ही मला घाबरवून सोडलंत," ती म्हणाली. "पण आम्ही तारीख बदलली नाही. मला एवढंच सांगायचं होतं. तुम्ही परत आलात ना शेवटी?"

"आले," मी म्हणाले. "पण परत आले म्हणून गेले नव्हते, असं होत नाही गं. तेवढं लक्षात ठेव."

तिने मान हलवली. तिला किती कळलं, कोण जाणे. मला अठराव्या वर्षी काही कळलं नसतं. जाताना तिने अचानक मला मिठी मारली आणि धावत निघून गेली. माझ्या ओल्या एप्रनचा डाग तिच्या ब्लाउजवर उमटला होता.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही जेवत होतो. नवऱ्याने पावाचा तुकडा सूपमध्ये बुडवला आणि तसाच धरून ठेवला.

"पुलापलीकडचा थांबा, ना?" तो म्हणाला.

चार दिवसांनी त्याचा आवाज ऐकून माझ्या हातातला चमचा थांबला. "हो."

"तिथून चालत आलीस?"

"हो."

"की पळत?"

खरं काय ते मी आठवून बघितलं. "पुलावर चालत होते. चर्च दिसल्यावर पळाले."

"पायात काय होतं?"

"घरातल्या सपाता."

त्याने तो तुकडा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. "घरातल्या सपाता घालून कोणी कायमचं जात नाही," तो म्हणाला.

एवढं म्हणून त्याने मला दार उघडून दिलं होतं. मी त्यातून निघून जाऊ शकले असते. मावशींच्या वेळी गेले होते.

"त्या दिवशी मी अनवाणीसुद्धा गेले असते," मी म्हणाले.

खाली रस्त्यावर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. रविवारपासून त्याने माझ्याकडे बघितलं नव्हतं. डोळ्यांखाली काळं आलं होतं. तो अचानक म्हातारा दिसला, आणि मीही त्याला तशीच दिसत असणार.

"माहीत आहे," तो म्हणाला.

मग उठला, दोघांची ताटं उचलून सिंकपाशी गेला आणि पाणी सोडलं. पाण्याखाली हात धरून तो काही वेळ नुसता उभा होता. मी जाऊन त्याच्या शेजारी उभी राहिले. त्याने पहिलं ताट घासलं, धुतलं आणि माझ्याकडे न बघता माझ्या बाजूला धरलं. मी ते पुसायला घेतलं.